चक्कर नव्हती

१८ जानेवारी

दादा,

मायना नीट लिहायचा म्हणून दोन कागद फाडले. हा तिसरा. याच्यावर नुसतंच 'दादा' राहू दे, आज तेवढंही जड जातंय.

तुझं पत्र वाचलं. मला लिहिलेलं नव्हे. मी वेगळी खोली घेतल्यापासून दोन वर्षांत मला तू एक ओळ लिहिली नाहीस. उडीच्या मैदानावर आमच्या बाईंना पाठवलंस, ते. बाई म्हणजे आम्हाला पॅराशूट घेऊन विमानातून उडी मारायला शिकवतात त्या. शनिवारी सकाळी मी पट्टे चढवत होते, तेवढ्यात त्यांनी ऑफिसात बोलावलं आणि टेबलावरून कागद माझ्याकडे सरकवला. अक्षर लगेच ओळखलं. लहानपणी मला गिरवायला लावायचास तेच.

'माझ्या धाकट्या बहिणीने सहा वर्षांपूर्वी गच्चीवरून उडी टाकून जीव देण्याचा प्रयत्न केला होता. तिला परवानगी दिल्यास होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल.' खाली सही, आणि सहीखाली 'निवृत्त मुख्याध्यापक'! शाळेचा शिक्का जवळ असता तर तोही मारला असतास.

दादा, मला त्या दिवशी चक्कर आली होती. हे मी नाही म्हणत, तूच म्हणालास. शेजाऱ्यांना, मामाला, वहिनीच्या माहेरच्यांना, सगळ्यांना तूच सांगितलंस. आपल्या घरात तर त्या दिवसाचं नावच 'चक्कर' पडलं. स्वयंपाकघरातला नळ कधी बदलला? हिला चक्कर आली त्याच्या आदल्या महिन्यात. आणि आता सहा वर्षांनी तुला एकदम दुसरा शब्द सुचला, तोही परक्यांना लिहिताना!

असो. तुझ्या पत्राचा काडीचाही उपयोग झाला नाही, एवढंच कळवायचंय. बाईंनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि म्हणाल्या, "चल, विमान थांबलंय." मी गेले, उडी मारली, छान उतरले. माझी विसावी. तेव्हा उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

फोन करत नाही, कारण फोनवर तू 'हं' म्हणतोस आणि वहिनीकडे देतोस.

तुझी बहीण


२७ जानेवारी

दादा,

काल वहिनीचा फोन आला. "हे विचारताहेत, की हे फॅड तुला लावलं कुणी?" 'हे' तिच्या शेजारीच बसले होते, मला श्वास ऐकू येत होता. एवढं विचारायला मध्ये माणूस लागतं? बरं, विचारलंयस तर ऐक.

कवळीने लावलं.

गेल्या वर्षी दंतवैद्याकडून आमच्या लॅबमध्ये एका वरच्या कवळीचं काम आलं. सोबत चिठ्ठी, 'फार घट्ट हवी. रुग्ण विमानातून उड्या मारतो.' मला वाटलं, दंतवैद्य चेष्टा करतोय. मेणाचा साचा करून पाठवला. तो तीनदा परत आला. चौथ्या वेळी रुग्ण स्वतःच आला. सत्तरीचा, बोळक्या तोंडाचा, हातात साचा घेऊन. म्हणाला, "बाई, वर हवा तोंडात शिरते. मी हसतो आणि कवळी जाते. पहिली गेली ती अजून कुणाच्या तरी शेतात असेल."

"मग हसू नका," मी म्हटलं.

"तेवढ्यासाठी तर जातो!"

दादा, मी बावीस वर्षं लोकांचे दात करते आहे. त्यांचं तोंड मी कधी पाहत नाही, माझ्याकडे फक्त प्लास्टरचे जबडे येतात. टाळूला गुलाबी पावडर भरायची, दात एकेक करून बसवायचे, घासायचं, चमकवायचं, डबीत घालून पाठवायचं. कुणी कधी परत येऊन सांगितलं नव्हतं की बाई, तुमचे दात लागले बरं का. हा माणूस म्हणाला, "रविवारी या. टिकते का नाही ते स्वतः बघा." म्हणून गेले. फक्त कवळी बघायला.

टिकली. ते काका खाली उतरले ते सगळे दात दाखवतच, आणि पंधरावीस माणसांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यासाठी नव्हे हं, माझ्यासाठी. "या कवळीवाल्या!" अजून तेच नाव आहे तिथे माझं.

पुढच्या रविवारी पुन्हा गेले, आणि तिसऱ्या रविवारी बाईंच्या पुढ्यात बांधून घेऊन उडी मारली. दारात बसले तेव्हा देवाचं नाव घ्यावं तर तेही आठवेना. मग दार सुटलं. तुला वाटत असेल पडल्यासारखं वाटतं. तसं वाटत नाही रे. हवा खालून इतक्या जोरात लागते की तिच्यावर पालथं पडल्यासारखं वाटतं. गाल फडफडतात, कान गच्च होतात. आणि त्या मिनिटभरात मला माझे हात, गुडघे, डोक्याचे केस, सगळं माझंच आहे असं लक्षात आलं. कुणाचं तरी सामान आपण सांभाळतोय, असं कितीतरी वर्षं वाटत होतं. खाली आले आणि हमसाहमशी रडले. बाईंनी पाणी दिलं आणि विचारलं, "पुढच्या रविवारी?"

याला तू फॅड म्हणतोस.

आणि ती माणसं! तुला वाटतं कोण रिकामटेकडे श्रीमंत असतील. एक बेकरीवाला आहे, पहाटेपासून भट्टीपुढे उभा राहून नऊला मैदानावर येतो, कोपरापर्यंत पीठ. काका आहेत. एक बस चालवणारी आहे. विमानात चढण्याआधी प्रत्येकाने दुसऱ्याचे पट्टे तपासायचे, असा नियम. बेकरीवाला माझा खांद्याचा पट्टा खसकन ओढतो आणि म्हणतो, "थांब, हा सैल आहे." दादा, त्या दिवसानंतर तुझ्या घरात मी चार वर्षं होते. माझं काही सैल आहे का, हे कुणी हात लावून पाहिलं?

आता एक गोष्ट. मागच्या पत्रात मी उडी मारली म्हणून लिहिलं, ते खोटं होतं. बाईंनी मला विमानात बसू दिलं नाही. तुझं पत्र कामाला आलं. घे, आनंद कर!


९ फेब्रुवारी

दादा,

तू आनंद केला नाहीस, असं वहिनी म्हणते. जेवला नाहीस म्हणे. ठीक आहे, मीही त्या दिवशी जेवले नव्हते.

ऑफिसात काय झालं ते सांगते. बाईंनी कागद सरकवला आणि विचारलं, "हे खरं आहे?"

"चक्कर आली होती मला," मी म्हटलं.

"मी चक्करबद्दल विचारत नाहीये."

बाहेर विमानाचं इंजिन तापत होतं. भिंतीवर हेल्मेटं टांगलेली. बाई माझ्याकडे नुसत्या बघत होत्या, घाई नाही की गोंजारणं नाही. सहा वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणी विचारला, दादा. आणि विचारला तो परक्या बाईने, हातात चहाचा कप घेऊन.

मी सांगितलं. जे तुलाही सांगितलं नाही, ते. की नवऱ्याने दुसरा संसार मांडला याचं दुःख तोवर ओसरलं होतं, खरं कारण ते नव्हतंच. कारण असं काही नव्हतंच, तेच भयंकर होतं. सकाळी उठायचं, कवळ्या करायच्या, तुझ्या घरी येऊन कडेकडेने वावरायचं, झोपायचं. एक दिवस वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले आणि कठड्यावर बसले. विचार करून बसले नाही. पण उठायचंही नव्हतं. तू आलास, मनगट धरलंस, खाली आणलंस. आणि जिन्यात पहिलं वाक्य काय बोललास? "कुणी विचारलं तर चक्कर आली म्हणायचं."

चक्कर नव्हती, दादा. तुला ठाऊक होतं, मलाही. आणि तरी तू माझ्या तोंडात तो शब्द कोंबलास, आणि मी तो सहा वर्षं चघळला. मग माझ्या पाठीमागे खरा शब्द काढून परक्यांच्या टेबलावर ठेवलास! माझा होता तो. मला द्यायचा होतास.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता पाठीवर हात ठेवतील. त्या म्हणाल्या, "मानसोपचार डॉक्टरांची चिठ्ठी आण. तोवर उडी नाही."

मी उसळले. "मी दर वेळी पट्टे तीनदा तपासते! राखीव पॅराशूट तपासते! जीव द्यायला निघालेलं माणूस हे सगळं करतं का?"

"मलाही नाही वाटत," बाई म्हणाल्या. "पण माझ्या वाटण्यावर मी कुणाला दारातून सोडत नाही. चिठ्ठी आण. आणि रविवारी यायचं, पॅराशूटच्या घड्या घालायला माणसं कमी आहेत."

मी दार आपटून बाहेर आले. बाईंवर चिडले, तुझ्यावर तर चिडलेलीच होते. पुढच्या रविवारी जायचं नाही असं ठरवलं आणि साडेआठलाच तिथे पोचले. दिवसभर जमिनीवर गुडघे टेकून दुसऱ्यांच्या पॅराशूटच्या घड्या घातल्या. काकांची, बेकरीवाल्याची. माझ्या घडीवर विश्वास ठेवून ती माणसं वर गेली. कुणी दोनदा उघडून पाहिली नाही. त्यांना सगळं माहीत होतं, मीच सांगितलं होतं सकाळी, सगळ्यांसमोर. आता मला कसला लपवायचा धाक?


३ मार्च

दादा,

कामाचं लिहिते. डॉक्टरांकडे चार वेळा जाऊन आले. बाई आहेत, माझ्याहून लहान. सगळं विचारतात, आणि मी सगळं सांगते. इतकं बोलायला होतं माझ्याकडे, याचं मलाच नवल वाटलं. आता त्या म्हणतात, घरातल्या एका माणसाशी बोलायचंय. त्या वेळी जो जवळ होता त्याच्याशी.

मी म्हटलं, असं कुणी नाही. त्यांनी वहीत काही लिहिलं नाही, नुसतं पेन खाली ठेवलं.

म्हणजे पाहा काय वेळ आलीये! ज्याने माझा पाय बांधला, त्याच्याकडेच गाठ सोडवायला यायचं. मला हे लिहायला किती अपमान वाटतोय, हे कागदावर उमटत नाहीये म्हणून सांगते.

येत्या सोळा तारखेला दुपारी चार वाजता. दवाखाना पोस्टाच्या इमारतीत, दुसरा मजला, लिफ्ट बंद असते. पत्र लिहिता येतं, तर येताही येईल. आलास तर खरं बोल. नाही आलास तर तसं कळव, वहिनीकरवी नको.


१९ मार्च

दादा,

तू तडक उठून गेलास. त्यामुळे तुझं अर्धंच ऐकून झालं आणि माझंही. बाकीचं लिहिते.

आधी तुझ्यावर चिडायचं ते चिडून घेते. तू आलास, इस्त्रीचा शर्ट घालून, दोन जिने चढून धापा टाकत. डॉक्टरांनी विचारलं, "त्या दिवशी काय झालं होतं?" आणि तू काय म्हणालास? "विशेष काही नाही. हिला चक्कर आली होती. मी पत्रात अतिशयोक्ती केली. ती ठणठणीत आहे, द्या चिठ्ठी."

मला हसावं की रडावं कळेना. तुला वाटलं तू माझ्यावर उपकार करतोयस. आयुष्यभर शाळेत पोरांना खोटं बोलू नका म्हणून बाकावर उभं केलंस, आणि बहिणीसाठी डॉक्टरांसमोर धडधडीत खोटं! ते तू माझ्यासाठी केलंस, हे मला कळलं. कळलं म्हणूनच आणखी संताप आला.

म्हणून मी बोलले. "चक्कर नव्हती. मी जीव द्यायला गेले होते आणि याने मला ओढून खाली आणलं." तुझ्यासमोर पहिल्यांदा. तुझा चेहरा असा झाला, जणू मी आत्ताच कठड्यावर चढले.

मग तू जे बोललास, ते तीन दिवस माझ्या कानात आहे. "तुला आठवत नाही. तू हात सोडवून घेत होतीस. मला लाथ मारलीस. मी मागे आपटलो, खांदा निखळला, तरी सोडलं नाही. सोडलं असतं तर..." आणि तू उठलास. चपला घालायचंही भान नव्हतं, शिपायाने जिन्यात आणून दिल्या ना?

मला खरंच आठवत नव्हतं, दादा. कठडा आठवतो, आणि मग एकदम जिना. मधलं काहीच नाही. तो खांदा कपाट सरकवताना गेला असं तू सगळ्यांना सांगितलंस. वहिनीलासुद्धा! म्हणजे माझी चक्कर आणि तुझं कपाट. दोघंही सहा वर्षं खोटं जगलो, त्यातली चार एका छपराखाली, आणि एकमेकांना ताट वाढत राहिलो.

तू गेल्यावर मी तासभर तिथे होते. डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्या भावाला वाटतं, अजून हात सोडला नाहीये त्यांनी." मी म्हटलं, "त्याचा हात दुखत असेल."

चिठ्ठी मिळाली. महिन्यातून एकदा डॉक्टरांकडे जात राहायचं, या अटीवर. मला अट मान्य आहे. बंदीनंतरची पहिली उडी पाच एप्रिलला, रविवारी. ये असं मी म्हणणार नाही. येऊ नकोस असंही नाही.

लाथ मारली त्याबद्दल मला काहीतरी लिहायला हवं. शब्द सापडत नाहीये. सापडेपर्यंत पत्र अडकवून ठेवत नाही, आज टाकते.


७ एप्रिल

दादा,

परवाची हकिकत तू वहिनीला सांगितलीस आणि तिने मला. साफ खोटी आहे! 'मी गेलो, शांतपणे एका बाजूला उभा राहिलो, तिने उडी मारली, मी परत आलो.' शांतपणे? मी खरी हकिकत लिहून पाठवतेय. वहिनीला वाचून दाखव, नाहीतर मी येऊन वाचेन.

सकाळी आठला तू फाटकाशी हजर. मी अजून वेणीही घातली नव्हती. आल्याआल्या बाईंना गाठलंस आणि वर्गतपासणी सुरू! पॅराशूट किती जुनं, राखीव कधी उघडून पाहिलं, विमान चालवणाऱ्याचे डोळे तपासलेत का. नव्या लोकांसाठी जमिनीवर शिकवणी असते, तिथे तू पहिल्या रांगेत जाऊन बसलास, वही घेऊन. बेकरीवाल्याने माझा पट्टा ओढला तर त्याला म्हणालास, "आणखी ओढा." त्याने बिचाऱ्याने ओढला, मला श्वास घेता येईना. काकांनी तुला हसून नमस्कार केला, तर तू त्यांना विचारलंस, "या वयात घरचे सोडतात कसे?" मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

मग मी वर गेले. वरचं तुला माहीत नाही, म्हणून सांगते. दारात पाय टेकले तेव्हा भीती वाटली. चांगली, स्वच्छ भीती, जगायचं असलेल्या माणसाची. ती वाटली म्हणून इतकं बरं वाटलं की मी हसले. तोंडात हवा शिरली. माझे दात माझेच आहेत, म्हणून वाचले.

पॅराशूट उघडलं. खाली मैदान रुमालाएवढं. कडेला एक ठिपका इकडून तिकडे धावत होता. मी जिकडे वळेन तिकडे तो. मला कळेना हा कोण येडा.

उतरताना वारा फिरला. मैदान चुकलं, पलीकडच्या नांगरलेल्या ढेकळांत एक पाय आधी टेकला, मी गडगडले आणि पॅराशूट अंगावर आलं. कापडाखाली नुसतं पांढरं. मला काही झालं नव्हतं, गुडघा खरचटला एवढंच. पण मी बाहेर निघायच्या आत तू पोचलास. बेकरीवाल्याच्या आधी, गाडीच्या आधी, साठी उलटलेला माणूस, ढेकळं तुडवत. कापड उपसलंस. मला वाटलं, आता रडशील. किंवा हळूच विचारशील, लागलं का गं. त्या गच्चीच्या दिवसापासून तू माझ्याशी तसंच बोलतोस ना, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसं, सहा वर्षं, एकदाही आवाज न चढवता.

आणि तू ओरडलास. सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा. "पाय जोडून ठेवायचे असतात! जोडून! किती वेळा सांगितलं बाईंनी? लक्ष कुठे असतं तुझं? गाढव कुठली!"

मीही ओरडले. "तुला काय कळतं रे उतरण्यातलं?"

"वहीत लिहिलंय मी!"

"वही घाल चुलीत!"

"चाळिशी उलटली तरी अक्कल नाही!"

"अक्कल कुणी शिकवली? तूच ना?"

काका आणि बेकरीवाला येऊन दहा पावलांवर थांबले होते. बस चालवणारी म्हणाली, "सोडवू का?" काका म्हणाले, "नको नको, घरचेच आहेत." आपण दोघं ढेकळांत उभे राहून भांडत होतो, तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तू ते पुसायचं सोडून माझे पट्टे सोडवत होतास, आणि ते तुला सुटत नव्हते, म्हणून आणखी ओरडत होतास. ही झाली खरी हकिकत. यात शांतपणा कुठे आहे ते वहिनीने मला दाखवावं.

माझा राग गेलेला नाही. ते पत्र मला न विचारता लिहिलंस, हे मी विसरणार नाही. माफही अजून केलेलं नाही, वेळ लागेल. तूही मला लाथेबद्दल लगेच माफ करू नकोस, सावकाश कर. पण 'गाढव' म्हणालास त्याबद्दल मात्र माफी मागायला हवी, चारचौघांत म्हणालास.

आणि पट्टा सोडवताना बकल आतल्या बाजूने दाबायचं असतं. ते लिहून घे वहीत.

तुझी बहीण